भावकीच्या अंगणाखालची ड्रेनेज लाइन: अस्तर की नवा पाइप?

प्रश्न : साताऱ्यात आमचा वडिलोपार्जित वाडा आहे. १९८७ मध्ये सासरे आणि त्यांचे भाऊ यांच्यात रजिस्टर वाटणी झाली. मागची बाजू आमच्याकडे आली, पुढची त्यांच्याकडे. आमच्या संडास-बाथरूमची चिनी मातीची लाइन वाटणीच्या आधीपासून पुढच्या अंगणाखालून रस्त्याच्या चेंबरला जाते. आता ती वारंवार तुंबते आणि चुलत दिरांच्या भिंतीला ओल येते. प्लंबर म्हणतो, खोदून नवा पीव्हीसी पाइप टाका. पुण्याचा एक ठेकेदार म्हणतो, खोदायची गरज नाही, आतून अस्तर घालू. दीर म्हणतात, 'फरशीला हात लावाल तर चेंबर काँक्रीटने बंद करीन.' आम्ही काय करावं? खर्च कोणाचा?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. दिरांच्या अंगणात दुरुस्तीसाठी जायचा हक्क आहे का, ते आधी पाहू. पाइपचा निर्णय त्यावरच ठरतो.

हक्क आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याचं, म्हणजे कोर्टात ज्याला इझमेंट ॲक्ट म्हणतात त्या, दुसऱ्याच्या जमिनीतून वाट किंवा पाणी नेण्याच्या हक्काच्या कायद्याचं, कलम १३ वाटणीबद्दल बोलतं. वाटणीच्या वेळी एका हिश्शाचं पाणी दुसऱ्यातून जात होतं आणि त्याशिवाय तो हिस्सा पूर्वीसारखा वापरता येत नाही, तर ती सोय पुढेही चालू राहते. फक्त वाटणीपत्रात उलट काही लिहिलेलं नसावं. 'नळी जमिनीखाली आहे, आम्हाला ठाऊकच नव्हती' ही सबब टिकणं कठीण आहे. जाणकाराने नीट पाहिल्यावर जिचा माग लागतो ती सोय कायदा उघडच मानतो, आणि कलम ५ मध्ये उदाहरण दिलंय ते गटाराचंच. वाटणीपत्राची नक्कल काढा. 'सांडपाण्याची वहिवाट पूर्वापार' अशा अर्थाचं वाक्य त्यात मिळालं तर वाद बराचसा तिथेच मिटतो. नाही मिळालं तरी वीस वर्षांहून जास्त काळ ही लाइन उघडपणे, हक्काने आणि अखंड वापरात आहे. कलम १५ चा आधार त्यासाठी आहे.

आता पाइप. कलम २४ सांगतं की हक्काचा उपभोग घेण्यासाठी लागेल ते काम दुसऱ्याच्या जमिनीत जाऊन करता येतं. मात्र स्वतःचं नुकसान न करता समोरच्याला होईल तितका कमी त्रास द्यायचा आणि झालेली मोडतोड शक्य तितकी भरून द्यायची. कायद्यातलं उदाहरणच पाहा : पाइप दुरुस्त करायला जमीन खोदता येते, पण वरचा पृष्ठभाग होता तसा करून द्यावा लागतो. म्हणजे खोदाईला कायद्याची मनाई नाही. पण खोदल्याशिवाय तेच काम होत असेल, तर 'अस्तर घाला' असं म्हणायला दिरांना आधार मिळतो. उलट, अस्तराने काम होणारच नसेल, तर फरशी वाचवण्यासाठी निरुपयोगी दुरुस्ती तुमच्या माथी मारता येत नाही.

काय शक्य आहे हे ठेकेदाराच्या तोंडी शब्दावर ठरवू नका. लाइन साफ करून कॅमेरा घाला आणि चित्रीकरणाची प्रत ताब्यात घ्या. अस्तर म्हणजे रेझिनमध्ये, म्हणजे नंतर कडक होणाऱ्या चिकट रसायनात, भिजवलेला कापडी नळा. तो आत सरकवून फुगवतात आणि गरम पाण्याने, वाफेने किंवा अतिनील प्रकाशाने कडक करतात. तडे, सुटलेले सांधे, सांध्यांतून घुसलेली मुळं यावर तो उत्तम. पण अस्तर जुन्या नळीचाच आकार घेतं, ढाळ सुधारत नाही. कॅमेऱ्यात पाणी मध्येच अर्ध्या नळीपर्यंत चढलेलं आणि पुढे पुन्हा उतरलेलं दिसलं, तर तिथे लाइन खचली आहे. तिथे अस्तर घातलं तरी मैला साचणारच. चार इंची लाइनला चाळीस फुटांत एक फूट ढाळ हा जुना हिशेब आहे, तो कुठे मोडलाय ते आधी कळू द्या. नळीच ढासळली असेल तर अस्तर आत जाणारच नाही. अशा वेळी तेवढाच भाग खोदून बाकीच्याला अस्तर, असा मधला मार्ग निघतो. कोर्टातही तो समजावून सांगायला सोपा.

एक विचारतो, कारण पत्रात त्याचा उल्लेख नाही : वाटणीनंतर तुम्ही वर भाडेकरू ठेवून संडास वाढवलेत का? कलम २९ नुसार स्वतःचं बांधकाम वाढवून हा हक्क फारसा वाढवता येत नाही. त्यामुळे चार इंचीच्या जागी सहा इंची पाइप टाकायचा विचार असेल तर थांबा, तिथे दिरांची हरकत रास्त ठरू शकते. त्याच मार्गाने त्याच मापाची दुरुस्ती केली तर हा वाद उद्भवत नाही.

खर्च तुमचा. कलम २५ स्पष्ट आहे. दिरांच्या घराचंही सांडपाणी त्याच लाइनला जोडलेलं असेल तर वाटा मागता येईल, तेही कॅमेऱ्यातच दिसेल. कलम २६ मात्र तुम्ही फार मनावर घ्या. दुरुस्ती न केल्यामुळे दुसऱ्याच्या मिळकतीचं नुकसान झालं तर भरपाई हक्कदारालाच द्यावी लागते. दिरांच्या घरात लहान मुलं असतील, ती ओलीची भिंत त्यांच्या उशाशी असेल. दिरांच्या रागामागे ही ओल आहे आणि ते कारण खरं आहे. म्हणून ओलीच्या भिंतीची दुरुस्ती आपणहून देऊ करा.

हे सगळं स्पीड पोस्टाने लेखी कळवा : कॅमेऱ्याचा अहवाल, कामाचे दिवस, फरशी पूर्ववत करण्याची हमी. 'परवानगी द्यावी ही विनंती' असं मात्र लिहू नका. मेहेरबानीने वापरत होतो असा अर्थ त्यातून निघू शकतो. 'आमच्या वहिवाटीच्या लाइनची दुरुस्ती' एवढंच लिहा. समझोता झाला तर तो दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. भावकीतले तोंडी शब्द पुढची पिढी मानत नाही.

साफसफाईसाठी कोणाही माणसाला मैल्याच्या चेंबरमध्ये उतरवू नका, ठेकेदार 'रोजचंच आहे' म्हणाला तरी. २०१३ च्या कायद्याने गटारं आणि सेप्टिक टाक्यांची अशी धोकादायक सफाई करवून घेणं गुन्हा आहे आणि तिथे माणसं खरोखर मरतात. जोरदार पाण्याच्या झोताने लाइन साफ करणारं जेटिंग मशीनच मागवा.

दिरांनी खरंच चेंबर बुजवलं तर भांडायला जाऊ नका, फोटो काढा आणि त्याच आठवड्यात दिवाणी कोर्टात मनाईचा व अडथळा काढण्याचा दावा लावा. सोबत कोर्ट कमिशनरने, म्हणजे कोर्टाने पाहणीसाठी नेमलेल्या माणसाने, जागा पाहावी असा अर्ज द्या. अडथळा कळल्यावर वर्षभर गप्प बसलात तर कलम १५ खालची वीस वर्षांची अखंड वहिवाट खंडित झाल्याचा मुद्दा त्यांच्या हाती जाईल.