वजनाची सर्जरी 'कॉस्मेटिक' म्हणून नाकारली? आधी नकार लेखी घ्या

ताई, तुम्ही लिहिलंत की भावाचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४४, झोपेत श्वास अडकतो, आणि वजन कमी करायच्या बेरिअ‍ॅट्रिक सर्जरीचं कॅशलेस (बिल थेट विमा कंपनीने भरणं) 'कॉस्मेटिक' म्हणून नाकारलं. तुमचं वाचून पोटात कालवलं. माझ्या बाबतीत हेच झालं होतं.

स्लीव्ह की बायपास, या सर्जरीचा कुठला प्रकार, हे सर्जन ठरवतील, मी डॉक्टर नाही. मी विम्याचं सांगते.

हॉस्पिटलच्या विमा डेस्कवर मला दर वेळी तोंडी उत्तर मिळायचं, "मॅडम, लठ्ठपणा कव्हर होत नाही." कुठलं कलम, कोणी ठरवलं, काही सांगायचे नाहीत. कंपनीला फोन केला की म्हणायचे, आमच्याकडे नकाराची नोंदच नाही, डेस्कला विचारा. हातात कागदच नाही, तर तक्रार कशावर करायची? या टोलवाटोलवीत अर्धं वर्ष गेलं आणि तेवढ्यात माझी शुगर गोळ्यांवरून इन्सुलिनवर गेली. तो राग अजून गेलेला नाही. जाड माणूस समोर आला की याला बारीक दिसायची हौस आहे, असंच धरून चालतात. रात्रभर ऑक्सिजन खाली जातोय, बीपी चढतंय, हृदयावर ताण येतोय, यात हौस कसली?

म्हणून आजच ईमेल करा: नकार लेखी द्या, पॉलिसीतल्या कलमासकट. फोनवर बोलत बसू नका.

विमा नियामकाने २०१९ साली लठ्ठपणाच्या सर्जरीचं कलम सगळ्या कंपन्यांना ठरवून दिलंय. वय १८ किंवा त्याहून जास्त, डॉक्टरांचा सल्ला, बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त. किंवा ३५ वा त्याहून जास्त आणि जोडीला झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर आजार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, हृदयविकार किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह. या ३५ च्या गटात आधी साधे उपाय करूनही वजन उतरलेलं नसलं पाहिजे. लोक अडकतात ते इथेच. डाएटिशियनचे जुने कागद, वजनाच्या नोंदी, स्लीप स्टडीचा रिपोर्ट, सगळं प्री-ऑथला, म्हणजे सर्जरीआधीच्या मंजुरीच्या अर्जाला, जोडा. वेटिंग पिरियडचं (पॉलिसी घेतल्यावर ठरावीक काळ कव्हर न मिळण्याचं) मात्र वेगळं असतं, ते तुमच्या पॉलिसीत बघा.

तरीही नाही म्हणाले तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. मुंबई-पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. माझ्या मते एजंटच्या 'मी बघतो'वर विसंबू नये.

तोवर सीपॅप मशीनचं (झोपेत मास्कमधून हवा देऊन श्वास चालू ठेवणारं यंत्र) डॉक्टरांना विचारा, सर्जरीची वाट बघू नका. भूल देतानाही श्वासाचा हा त्रास जोखमीचा असतो.

आणखी एक, विषय थोडा वेगळा आहे. सर्जरीनंतर घरचे प्रेमाने डाळीचं पाणी पाजतात, त्यात प्रोटीन जवळपास नसतं. बी१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या आणि तपासण्या जन्मभर असतात. आणि उलट्या थांबतच नसतील तर जवळच्या दवाखान्यात नुसतं ग्लुकोज चढवून घेऊ नका. सर्जरी झाल्याचं सांगा आणि आधी बी१, म्हणजे थायमिन, द्यायला सांगा. ते कमी पडलं तर मेंदूला इजा होते.

लेखी नकार आला की कलमाचे शब्द इथे टाका, मी बघते.