वाचक विचारतात : एका गेमसाठी अख्खा कन्सोल?

प्रश्न : मुलाला प्लेस्टेशन ५ (पीएस ५) हा गेम खेळायचा कन्सोल हवा आहे. ‘स्पायडर-मॅन २’ फक्त त्यावरच मिळतो, असं त्याचं म्हणणं. एका गेमच्या जोरावर कंपन्या खरंच कन्सोल खपवतात का?
– एक पालक, नौपाडा, ठाणे

उत्तर : हो. कन्सोलच्या यंत्रावर कंपनीला फारसं सुटत नाही, सुरुवातीला तर ते कित्येकदा तोट्यात विकलं जातं. कमाई असते गेमवर. दुसऱ्या कंपनीचा गेम कन्सोलच्या ऑनलाइन स्टोअरवर विकला गेला की साधारण ३० टक्के कन्सोलवाल्याचे. एका गेमच्या ओढीने यंत्र घरात आलं, की पुढची काही वर्षं त्या घरातली गेमची बरीचशी खरेदी त्याच स्टोअरमधून होते.

मात्र मुलाची माहिती थोडी जुनी आहे. हा गेम ऑक्टोबर २०२३ मध्ये फक्त पीएस ५ वर आला, पण जानेवारी २०२५ पासून पीसीवरही आहे. ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक’चंही तेच झालं : नोव्हेंबर २०२२ मध्ये कन्सोलवर, सप्टेंबर २०२४ मध्ये पीसीवर. घरच्या पीसीत बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम आणि एसएसडीवर भरपूर मोकळी जागा असेल तर थांबा. कॉलेजचा साधा लॅपटॉप असेल, तर त्यावर हा गेम चालणार नाही. मुलाला आवडणाऱ्या पाच गेमची नावं लिहायला सांगा आणि त्यातले पीसीवर कोणते मिळतात ते बघा. ‘अॅस्ट्रो बॉट’ किंवा ‘ग्रॅन टुरिझ्मो ७’ यादीत असतील तर कन्सोलला पर्याय नाही.

प्रश्न : मारिओ हाताशी असूनही निन्टेन्डोचा वी यू हा कन्सोल का आपटला?
– एक वाचक, वाशी

उत्तर : गेम उत्तम होते, पण यंत्र काय आहे हेच गिऱ्हाइकाला कळलं नाही. निन्टेन्डोचा आधीचा कन्सोल वी १० कोटींवर खपला होता. २०१२ च्या नव्या यंत्राला नाव दिलं वी यू, आणि जाहिरातीत मूळ डब्यापेक्षा स्क्रीनवाला गेमपॅडच जास्त दाखवला. अनेकांना वाटलं, हा जुन्या वीला जोडायचा नवा कंट्रोलर असेल. विक्री थांबली सुमारे १ कोटी ३६ लाखांवर. तरी ‘मारिओ कार्ट ८’ त्यावर ८४ लाखांच्या आसपास खपला, म्हणजे यंत्र घेणाऱ्या दहापैकी सहा जणांनी तो घेतला. गेममध्ये आणखी किती ओढ असायला हवी?

तोच गेम थोडी भर घालून एप्रिल २०१७ मध्ये निन्टेन्डोच्या पुढच्या कन्सोलवर, स्विचवर आला आणि ६ कोटींच्या पुढे गेला. ऑक्टोबर २०१६ मधली स्विचची पहिली जाहिरात आजही बघण्यासारखी आहे. माणूस घरी टीव्हीवर खेळतोय, डॉकमधून (टीव्हीला जोडलेल्या स्टँडमधून) यंत्र उचलतो आणि बाहेर पडूनही तोच खेळ पुढे चालू ठेवतो. प्रोसेसर, मेमरी यांचा उल्लेखही नाही. यंत्र काय करतं, ते बघताक्षणी समजतं.

किंमतही धरा. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन हालचाली टिपणाऱ्या किनेक्ट कॅमेऱ्यासह ४९९ डॉलरला होता, पीएस ४ फक्त ३९९ ला. पुढच्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने किनेक्ट वगळून किंमत ३९९ वर आणली, पण तोवर पीएस ४ पुढे निघून गेला होता. १०० डॉलरची अशी तफावत एखाद-दुसरा एक्सक्लुझिव्ह (फक्त त्याच कन्सोलवर मिळणारा) गेम भरून काढू शकत नाही, असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न : दिवाळीत कन्सोलबरोबर ‘गेम फुकट’ असलेला बंडल घ्यावा का?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : आधी विचारा, आत डिस्क आहे की गेम डाउनलोड करायचा कोड. डिस्क खेळून झाल्यावर विकता येते. कोड एकाच अकाउंटवर एकदाच चालतो आणि कोड ज्या देशाचा, अकाउंटही त्याच देशाचं लागतं. प्लेस्टेशन अकाउंटचा देश नंतर बदलता येत नाही, त्यामुळे ते उघडतानाच भारत निवडा. कोडची मुदत खोक्यावर किंवा व्हाउचरवर छापलेली असते, ती दुकानातच वाचा. सेकंड हँड डिस्क घेणार असाल तर डिस्क ड्राइव्ह नसलेली डिजिटल एडिशन नको. पीएस ५ स्लिमच्या डिजिटल एडिशनला ड्राइव्ह नंतर जोडता येतो, पण तो वेगळा विकत घ्यावा लागतो.