कोरस म्हणजे आपला सूत्रधारच ना?

प्रश्न : नमस्कार सर, विश्रामबागेत आमचा हौशी नाटकवाल्यांचा ग्रुप आहे. यंदा युरिपिडीस ह्या जुन्या ग्रीक नाटककाराचं 'मीडिआ' करतोय आणि तालमीत कोरसवरून, म्हणजे त्यातल्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांच्या घोळक्यावरून, वाद पेटलाय. एकाचं म्हणणं, कोरस म्हणजे विष्णुदास भाव्यांचा सूत्रधारच, भाव्यांनी तो ग्रीकांकडूनच घेतला, मग एवढ्या बायका स्टेजवर कशाला, एक सूत्रधार ठेवू आणि बाकीचं कापू. कापलं तर चालेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : कापू नका हो, कळकळीने सांगतो.

आधी भाव्यांचं. सांगलीत कर्नाटकातली भागवत मंडळी खेळ करायला आली होती, ते बघून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी भाव्यांना तसं काहीतरी मराठीत कर म्हणून सांगितलं आणि 1843 साली 'सीतास्वयंवर' उभं राहिलं. म्हणजे सूत्रधार आला तो कानडी खेळातून आणि आपल्या कीर्तनाच्या वळणातून, ग्रीकांच्या अथेन्सचा इथे काही संबंध नाही. सूत्रधार पदं म्हणतो, गोष्ट पुढे नेतो, पण तो गोष्टीच्या बाहेर उभा असतो, रावण आला म्हणून त्याच्या घराला काही धोका नाही.

कोरस मात्र गोष्टीच्या आत राहणारी माणसं. सोफोक्लिस ह्या दुसऱ्या ग्रीक नाटककाराच्या 'इडिपस'मध्ये ते थीब्ज शहरातले म्हातारे आहेत, शहरात साथ आलीय, माणसं मरतायत आणि हे राजा इडिपसकडे डोळे लावून बसलेत, म्हणजे इडिपसचं सत्य बाहेर आलं की ह्यांचंही आयुष्य हलतं. ते चुकतात, घाबरतात, मत बदलतात. आणि हे काम करणारे धंदेवाईक नट नव्हते, अथेन्सचे साधे नागरिकच असायचे, आधी 12 आणि पुढे 15, खर्च गावातला एखादा पैसेवाला उचलायचा. ते ज्या गोल जागेत नाचायचे तिचं नाव ऑर्केस्ट्रा, आपण आज वाद्यवृंदाला म्हणतो तोच शब्द. पुढे सोळाव्या शतकाच्या शेवटी फ्लोरेन्समधल्या मंडळींना वाटलं की ग्रीक नाटकं गाऊनच होत असणार, तसं परत करून बघू, त्या खटपटीतून ऑपेरा, म्हणजे गाऊन करायचं नाटक, जन्माला आला. एवढा लांबचा पल्ला आहे ह्या घोळक्याचा.

आता तुमचं नाटक. इ.स.पू. 431 मध्ये 'मीडिआ' स्पर्धेत तिसरी म्हणजे शेवटची आली, तरी अडीच हजार वर्षं टिकली, आणि माझ्या मते त्यात कोरसचा वाटा फार मोठा आहे. कोरसमध्ये कोरिंथ ह्या ग्रीक शहरातल्या बायका आहेत, नवऱ्याने टाकलेल्या परक्या मीडिआची कीव येऊन त्या गप्प राहायचा शब्द देऊन बसतात आणि मग कळतं की ही स्वतःची पोरं मारणार आहे. त्या विनवतात, नको म्हणतात. शेवटी आतून मुलांचा आरडाओरडा येतो, बायका म्हणतात आत जाऊ का, मुलं आतून म्हणतात हो या, वाचवा, आणि तरी एकही बाई आत जात नाही. हा क्षण एकटा सूत्रधार कसा आणणार सांगा, तो बाहेरचा, त्याने का जावं आत?

15 जणी जमत नसतील तर पाच घ्या, पण सगळ्यांना एका सुरात घोकायला लावू नका, कंटाळा येतो तो त्यानेच. एक शेजारीण, एक लेकुरवाळी, एक वयस्क, अशा वेगळ्या करा. मुलांच्या हाकेला लेकुरवाळीला दाराकडे दोन पावलं टाकू द्या आणि तिथेच थांबवा, त्या वेळी म्युझिक नको.