गरजूंसाठी ठेवलेल्या अन्नपेटीतून लोक बिस्किटंच उचलतात, पौष्टिक काही नेत नाहीत. काय करावं?

तुमच्या पेटीत मूग-चवळी पडून राहते आणि बिस्किटं, नूडल्स सकाळीच संपतात, असं तुम्ही लिहिलंय. आमचंही पहिलं वर्ष असंच गेलं. इथे अमळनेरला मंडळाच्या खोलीत आम्ही सहा-सात जण धान्याचं कपाट चालवतो. मी तर कपाटावर कडधान्याच्या फायद्यांचा तक्तासुद्धा चिकटवला होता. तो वाचताना कुणी दिसलं नाही.

खरं कारण एका मावशींनी सांगितलं. दिवसभर कापूस वेचून आल्या होत्या. चवळीची पिशवी उचलली, हलवून पाहिली, परत ठेवली. "भाऊ, हाई कव्हय शिजी? गॅस सरी जास." आणि बिस्किटांचे दोन पुडे घेऊन गेल्या. चवळी चांगली हे त्यांना ठाऊक होतंच. गॅस परवडत नव्हता.

तेव्हापासून आम्ही कळण्याचं पीठच ठेवतो. चार किलो ज्वारी, एक किलो सालासकट काळे उडीद, वरून जाडं मीठ, सगळं एकत्र दळायचं. ज्वारीच्या प्रथिनात जे उणं असतं ते उडीद भरून काढतो, आणि हे आपल्या आज्यांना कुणी शिकवलं नव्हतं. धान्य दिलं की गिरणीचे पैसे त्यांच्या माथी. पीठ दिलं की अर्ध्या तासात भाकरी, सोबत ठेचा नाहीतर कांदा. किलोकिलोच्या पिशव्या पहिल्याच दिवशी संपल्या.

दुसरं, गहू-तांदूळ गोळा करत बसू नका. अन्नसुरक्षा कायद्याच्या कार्डावर माणशी महिना 5 किलो धान्य मिळतं, 2023 पासून तेही फुकट. कार्ड नसलेल्यांपुरतं थोडं ठेवा. घरात कमी पडतात त्या डाळ, शेंगदाणे, तेल आणि भाजी. मागताना नाव घेऊन मागा: "मूगडाळ द्या." ती भिजवावी लागत नाही. "काहीही द्या" म्हटलं की लोक पोरकिडे झालेली तूरडाळ आणि तारीख उलटलेली पाकिटं आणतात. पुण्यही पदरात, डबाही रिकामा!

केळी मात्र आपल्याकडे मागितली की मिळतात. चोपड्याकडचे ओळखीचे बागायतदार डाग पडल्यामुळे व्यापाऱ्याने नाकारलेल्या फण्या देतात. त्या आम्ही हाताच्या उंचीवर ठेवतो, बिस्किटं सगळ्यात खालच्या फळीवर. बंद केली नाहीत. लेकरू कडेवर घेऊन वीटभट्टीवर निघालेल्या बाईला काय सांगणार? पालेभाजी उन्हाळ्यात ठेवू नका, 44 अंशांत मेथी दुपारपर्यंत मान टाकते. तेव्हा कांदे, लिंबं, लाल भोपळा. शिजवलेलं अन्न आम्ही घेतच नाही, लग्नाच्या पंगतीतलं तर मुळीच नाही.

राहिली चवळी. ती गल्लीतल्या बायका सकाळी मंडळातच भिजत घालतात आणि संध्याकाळी निथळून देतात. दोन शिट्ट्यांत शिजते, त्याच दिवशी संपवायची. त्या मावशी परवा घेऊन गेल्या. जाता जाता कळण्यात मीठ कमी पडतं म्हणून ऐकवूनही गेल्या.