सगळे हरखलेत, आपण मात्र कोरडे: वाखाणलेल्या जागेने निराश केलं तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कित्येक वर्षं मनात धरलेल्या, सगळ्यांनी डोक्यावर घेतलेल्या ठिकाणी तुम्ही पोहोचलात. सोबतची मंडळी हरखून गेलीत आणि तुम्हाला काहीच वाटत नाही. मुक्काम अजून बाकी आहे, आणि आपल्यातच काही कमी आहे का अशी शंका छळतेय.

शंकेचं आधी बघू. कमी वगैरे काही नाही. हा अपेक्षाभंग इतका नेहमीचा आहे की त्याच्या टोकाच्या रूपाला नावसुद्धा आहे. पॅरिसमध्ये काम करणारे जपानी मानसोपचारतज्ज्ञ हिरोआकी ओता यांनी १९८० च्या दशकात काही जपानी पर्यटकांमध्ये घबराट, धडधड, क्वचित भास अशी लक्षणं नोंदवली, आणि पुढे त्याला ‘पॅरिस सिंड्रोम’ म्हणू लागले. अशी माणसं मोजकीच, आणि त्यांच्या बाबतीत प्रवासाचा शीण, परकी भाषा, आधीचे मानसिक त्रास हेही असतात. त्यामुळे ते नाव स्वतःला चिकटवू नका. तुमचा साधा हिरमोड झालाय.

साध्या हिरमोडात मी एकच गोष्ट विचारतो: तुम्ही स्तुती ऐकलीत ती नेमकी कशाची? ‘त्या जागेची’ एवढं उत्तर पुरत नाही. स्तुती बहुतेक वेळा एका कोनाची, एका ऋतूची किंवा दिवसातल्या एखाद्या तासाची असते, आणि आपण ती अख्ख्या जागेला लावून बसतो.

बालीतल्या लेम्पुयांग मंदिराचा फोटो तुम्ही पाहिला असेल. दोन भागांत उभं चिरलेलं उंच दार, मागे आगुंग ज्वालामुखी, पायाशी नितळ तळं. तिथे तळं नाहीच. फोटो काढणारा मोबाइलच्या लेन्सखाली आरसा धरतो आणि कोरड्या जमिनीचं पाणी होतं. त्या एका फोटोसाठी लोक तासन्‌तास रांगेत थांबतात. तिथे पोहोचून ज्याचं डोकं फिरतं, त्याच्या रसिकतेत काही खोट नाही. त्याला नसलेलं तळं दाखवून बोलावलेलं असतं.

ध्रुवीय प्रकाशाची, म्हणजे ध्रुवांजवळच्या आकाशात रात्री दिसणाऱ्या रंगीत झोतांची गोष्ट याहून गुंतागुंतीची, कारण तिथे कोणी फसवत नाही. कॅमेरा काही सेकंद उघडा ठेवून उजेड साठवतो, म्हणून फोटोत आकाश हिरवंगार दिसतं. आपला डोळा अंधारात ज्या पेशींवर अवलंबून असतो त्यांना रंग ओळखता येत नाहीत, त्यामुळे मंद झोत असेल तर वर नुसता राखाडी ढग दिसतो. झोत जोरदार असला की हिरवा रंग नुसत्या डोळ्यांनीही दिसतो, कधी गुलाबी किनारसुद्धा. पण खरी मजा आहे ती त्याच्या हालचालीत, आणि नेमकी तीच फोटोत पुसली जाते. रंगाची वाट बघत ताटकळलेल्या माणसाचं त्या सळसळीकडे लक्षच जात नाही. इथे जागा खरी आहे आणि फोटोही खरा आहे, फक्त दोघं वेगवेगळी गोष्ट दाखवतात.

गिझाच्या पिरॅमिडांचे फोटो वाळवंटाच्या बाजूला तोंड करून काढतात, म्हणून मान वळवल्यावर पायथ्याशी टेकलेलं शहर दिसलं की लोक दचकतात. (स्फिंक्स स्वतः पूर्वेला, म्हणजे शहराकडेच बघत बसलाय.) उन्हाळ्यात जपानचा फुजी पर्वत बहुतेक वेळ ढगांआड असतो, तर हिवाळ्यातल्या सकाळी लख्ख दिसतो. प्रवास आखताना ही असली माहिती शंभर सुंदर फोटोंपेक्षा जास्त उपयोगी पडते.

मग प्रसिद्धीचं ओझं. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातली मोनालिसा आहे ७७ बाय ५३ सेंटिमीटर. पुढे जाड काच, त्यापुढे कठडा, त्यापुढे उंचावलेले मोबाइल. १९११ मध्ये ती चोरीला गेली तेव्हा भिंतीवरची रिकामी जागा बघायलाही लोक गर्दी करत होते! इतका गाजावाजा कुठलंच चित्र पेलू शकणार नाही. त्याच दालनात, तिच्या समोरच्या भिंतीवर व्हेरोनीझने रंगवलेली लग्नाची मेजवानी आहे. जवळजवळ दहा मीटर रुंद, लूव्रमधलं सर्वांत मोठं चित्र, १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने व्हेनिसच्या एका मठातून उचलून आणलेलं. गर्दीची या मेजवानीकडे पाठ असते. तुम्ही आता जिथे आहात तिथेही असं काहीतरी पाठीमागे असणार. ते शोधा.

तुम्हाला आता बरेच जण सांगतील, ‘अपेक्षाच ठेवायची नाही.’ मला हा सल्ला अजिबात पटत नाही. अपेक्षा नसती तर घरातून निघालाच कोण असता? नेदरलँड्समधल्या दीड हजारांवर लोकांच्या पाहणीत, जी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली, सहलीला जाणारे लोक निघण्याआधीच न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी आढळले. परत आल्यावर मात्र दोघांत फारसा फरक नव्हता. ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली तेवढेच थोडे अपवाद. म्हणजे वाट बघण्यातला तुमचा आनंद मिळून चुकलाय आणि तो खराच होता. ‘निवांत’ या अटीकडे मात्र नीट बघा.

कारण उरलेल्या मुक्कामात पहिलं काम हेच: यादी फाडा. थकलेल्या डोळ्यांना काहीच सुंदर दिसत नाही, म्हणून आधी पोटभर झोपा. मग तीच जागा वेगळ्या वेळी बघा, दार उघडताना किंवा दिवसभराची मंडळी परतल्यावर. व्हेनिसने २०२४ पासून काही दिवशी फक्त दिवसापुरत्या येणाऱ्यांना शुल्क लावलं, इतकी ही दिवसाची गर्दी मोठी आहे; रात्री राहणाऱ्याला तेच शहर वेगळं भेटतं. सोबतच्यांना अर्धा दिवस एकटं फिरायचंय असं सरळ सांगा. त्यांच्या आनंदावर पाणी टाकायचं कारण नाही, आणि खोटं ‘वा!’ म्हणत राहायचंही नाही.

एवढं करूनही काही वाटलं नाही, तर ती जागा तुमच्यासाठी नव्हती. असं होतं. किती पैसे घातले त्यावरून आवडलं की नाही हे ठरवू नका. बरेच लोक नकळत तेच करतात आणि स्तुतीत आणखी भर पडते, कारण निराश झालेला सहसा गप्प बसतो.

म्हणून परतल्यावर अनुभव लिहाच. ‘बेकार जागा’ एवढ्याने कोणाचं भलं होत नाही. महिना कोणता, किती वाजता पोहोचलात, रांग किती होती, हवा कशी होती, फोटोत न दिसणारं काय दिसलं आणि तुम्ही कशाच्या ओढीने गेला होतात, हे लिहा. तुमच्यासारखी ओढ असलेला माणूस ते वाचून एकतर महिना बदलेल किंवा बेत.