डिफरन्शियलच्या स्टडमधून (दोन्ही टोकांना आटे असलेल्या, डोकं नसलेल्या बोल्टमधून) ऑइल झिरपतंय, गॅस्केट नवं टाकलं तरी थांबत नाही. काय करावं?

आधी ब्रीदर, म्हणजे ॲक्सलमधली हवा बाहेर जाण्याची छोटी वाट, बघा. तो चिखलाने बुजला असेल तर ॲक्सल तापल्यावर आत दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर येतं. मग कितीही सीलंट लावा, उपयोग नाही.

ब्रीदर मोकळा असेल तर जागा पुसून, गाडी थोडी चालवून पुन्हा पाहा. जोडाच्या रेषेवर ओल दिसली तर गॅस्केट. नट आणि स्टडच्या टोकाशीच थेंब जमत असेल तर स्टड. काही हाउसिंगमध्ये स्टडची भोकं आरपार असतात, त्यामुळे ऑइल थ्रेडमधून (आट्यांमधून) चढत बाहेर येतं. नट आवळून ते थांबत नाही, उलट स्टड ताणला जातो.

ऑइल काढा. दोन नट एकमेकांवर घट्ट आवळा आणि आतला नट उलटा फिरवून स्टड काढा. एका वेळी एकच काढलात तर डिफ उतरवावा लागत नाही. खरी मेहनत सफाईत आहे: स्टड आणि भोक, दोन्हींचे थ्रेड ब्रेक क्लीनरने धुऊन पूर्ण कोरडे करा. भोकात आतून ऑइल पाझरत राहिलं तर सीलंट धरत नाही, म्हणून गाडी रात्रभर निथळू द्या. मग थ्रेड सीलंट किंवा निळं थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव) लावून स्टड बसवा. लाल नको, पुढच्या वेळी तापवल्याशिवाय निघणार नाही. टॉर्क मॅन्युअलप्रमाणेच. 24 तासांनी ऑइल भरा.

भोकाचे थ्रेडच खराब असतील तर हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवा.