विकिपीडियावर पत्रकाराच्या लेखात ‘वादग्रस्त’ हा शब्द चालतो का? संदर्भ नेमका कशाला म्हणायचं?

तुम्ही लिहिलंय की एका मराठी पत्रकारावरच्या विकिपीडियातल्या लेखात कुणीतरी पहिल्याच ओळीत ‘वादग्रस्त’ घुसडलंय, संदर्भ म्हणून एका न्यूज पोर्टलचा दुवा जोडलाय, आणि तुम्ही काढलं की तासाभरात ते परत येतं. मग तटस्थ कोण, आणि तो दुवा संदर्भ म्हणून धरायचा का?

‘वादग्रस्त’ काढा. त्या शब्दातून काहीच कळत नाही. वाद कुणी घातला, कधी, कशावरून, ते लिहा. माणूस खरंच तसा आहे की भांडखोरांच्या तावडीत सापडलाय, हे वाचणारा ठरवेल. पण मग त्याच बैठकीत ‘ज्येष्ठ’, ‘झुंजार’, ‘निर्भीड’ आणि ‘व्यासंगी’ हेही काढा. तिथे हात थरथरला तर तटस्थतेच्या गप्पा सोडून द्या. आपल्याकडे शिवीला संदर्भ मागतात, हाराला कुणी मागत नाही. ‘ज्येष्ठ’ तर पुण्यात पन्नाशी उलटली आणि गांजवे चौकातल्या पत्रकार भवनाचे जिने चढता येत असले की आपोआप मिळतं. क्रियापदंही तपासा. एकही विशेषण न वापरता माणसाला खाली पाडायची सोय मराठीत आहे: सगळ्यांपाशी ‘ते म्हणाले’, आणि नावडत्यापाशी आलं की ‘तो म्हणाला’.

खरं तर उत्तर इथे संपायला हरकत नव्हती. पण तुमच्या प्रश्नाने माझं एक जुनं दुखणं वर काढलंय.

मी पुण्यातल्या एका दैनिकात ३१ वर्षं उपसंपादक होतो. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. मला हे काम शिकवलं ते आमच्या वृत्तसंपादकांनी. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. बातमीच्या कॉपीत विशेषण दिसलं की ते तांबड्या पेनाने गोल करायचे आणि समासात लिहायचे, ‘कोण म्हणतं?’ २०१६ मध्ये ते गेले. पुढे मी निवृत्त झालो, हातात वेळ होता, म्हणून मराठी विकिपीडियावर त्यांच्यावर लेख लिहायला घेतला. आधी धूळपाटीवर, म्हणजे तिथल्या सरावाच्या पानावर गिरवला, चावडीवर, म्हणजे सगळ्या सदस्यांच्या सामाईक चर्चेच्या पानावर, चार प्रश्न विचारून हसं करून घेतलं, शेवटी लेख उभा राहिला. त्यात एक साधं वाक्य होतं: ‘नोव्हेंबर १९९३ मध्ये त्यांनी दैनिकाचा राजीनामा दिला.’

दहा दिवसांनी ते वाक्य बदललेलं. ‘त्यांना पदावरून दूर करण्यात आले.’ खाली संदर्भ, शहरातल्या दुसऱ्या एका दैनिकाचा, तारीख आणि पान क्रमांकासकट. मी उलटवलं, म्हणजे जुनं वाक्य परत आणलं. त्यांचं परत आलं. परत उलटवलं. तिसऱ्या वेळी प्रकरण लेखाच्या चर्चा पानावर गेलं, म्हणजे लेखाबद्दलचे वाद घालायच्या पानावर. तिथे मी माझ्या मते हुकमाचा एक्का टाकला: ‘त्या संध्याकाळी मी स्वतः तिथे हजर होतो.’

उत्तर आलं, ‘तुम्ही हजर होतात यावर माझा विश्वास आहे. पण तुम्ही संदर्भ नाही.’

साठीच्या माणसाला हे वाक्य कुठे लागतं ते विचारू नका. ३१ वर्षं लोकांच्या बातम्या तपासल्या आणि आता मीच संदर्भ नाही!

हे कोण लिहितंय याबद्दल मला शंका नव्हती. आमच्याच डेस्कवर माझ्यासमोर बसणारा माझा सहकारी. सदस्यनाव एका पक्ष्याचं होतं आणि हा गडी दर रविवारी दुर्बीण गळ्यात अडकवून पाषाण तलावावर. शिवाय साहेबांना वैकुंठात पोचवायला गेलो होतो तेव्हा विद्युतदाहिनीच्या बाहेर उभं राहून तो मला म्हणाला होता, “साहेबांना काढलं होतं. निदान आज तरी कबूल कर.” मी त्याच्याशी एक शब्द न बोलता नारायण पेठेपर्यंत चालत घरी आलो. त्यामुळे चर्चा पानावर मी त्याला सरळ अरे-तुरे केलं. तू तेव्हाही असाच होतास, तुला साहेबांचं खाल्लेलं पचलं नाही, वगैरे बरंच. तीन आठवडे.

शेवटी पलीकडून दोन ओळी आल्या: ‘सर, तुम्ही मला दुसरंच कोणीतरी समजताय. माझा जन्म १९९७ चा आहे.’

ती कोथरूडची मुलगी निघाली. तिचा ना साहेबांशी संबंध, ना आमच्या दैनिकाशी. नियम वाचून काम करत होती, इतकंच. मी माफी मागितली, तिने ती इतक्या सहज स्वीकारली की मलाच अवघडल्यासारखं झालं. पुढे एकदा वैशालीत भेटलो. रांगेत पाऊण तास गेला, तेवढ्यात तिने माझी शाळा घेतली. म्हणाली, “सर, हे नियम इतके कडक झाले तेच एका पत्रकारामुळे.” २००५ मध्ये जॉन सायगेन्थेलर या अमेरिकेतल्या निवृत्त संपादकाच्या लेखात कुणीतरी लिहून ठेवलं, की केनेडी बंधूंच्या हत्यांमध्ये यांचा हात असल्याचा संशय होता. प्रत्यक्षात हा रॉबर्ट केनेडींचा सहकारी, त्यांच्या शवपेटीला खांदा देणारा माणूस. तो मजकूर चार महिने तसाच होता. लिहिणाऱ्याने नंतर सांगितलं, ऑफिसातल्या मित्राची गंमत करायची होती. त्यानंतर जिवंत माणसांबद्दल बिनसंदर्भाचं वाईट काही दिसलं तर चर्चेची वाट न बघता काढून टाकायचं, हा शिरस्ता पडला.

मी म्हटलं, म्हणजे छापील ते खरं? तर तिने २००९ ची गोष्ट काढली. मॉरिस जार हे संगीतकार वारले तेव्हा डब्लिनच्या एका विद्यार्थ्याने स्वतः रचलेलं वाक्य त्यांच्या तोंडी घालून विकिपीडियावर टाकलं, आणि ‘गार्डियन’सकट वृत्तपत्रांनी ते मृत्युलेखात छापलं. विकिपीडियावरच्यांनी संदर्भ नाही म्हणून ते काढून टाकलं होतं. छापणाऱ्यांनी मात्र फोन उचलून विचारलं नाही. “तुमच्याच लोकांनी,” असं ती म्हणाली नाही, पण मला ऐकू आलं.

मग मी इरेला पेटलो. पेठेतल्या एका ग्रंथालयात बांधीव फायली चाळल्या, धुळीने शिंकून बेजार झालो आणि चौथ्या दिवशी कात्रण मिळालं. आमचं दैनिक, पान तीन, सिंगल कॉलम, बिननावाची बातमी: वृत्तसंपादकांनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला. मी विजयी मुद्रेने ते चर्चा पानावर टाकलं. ती म्हणाली, हे दैनिकाने स्वतःच्याच माणसाबद्दल छापलंय, स्वतंत्र नाही.

मी तेव्हा जे लिहिलं नाही ते इथे लिहितो. ती बातमी माझी आहे.

त्या संध्याकाळी पाचला साहेबांना मालकांनी वर बोलावलं. एका सहकारी संस्थेच्या बातमीवरून आठवडाभर धुसफूस चाललीच होती. वीस मिनिटांनी खाली आले, खुर्चीवरची शबनम उचलली आणि मला म्हणाले, “चार ओळी कर. राजीनामा, प्रकृती. शहर आवृत्तीला सोड.” प्रकृती! माणूस रोज सकाळी पर्वती चढून यायचा. मी चार ओळी केल्या. विशेषण एकही नव्हतं. समोरच्या खुर्चीतला माझा सहकारी हे सगळं बघत होता. रात्री त्याने कुठून तरी दुसऱ्या दैनिकात फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी तिकडे ‘विश्वसनीय सूत्रांनुसार’ छापून आलं की यांना दूर करण्यात आलं. वैकुंठात त्याने तेही सांगितलं, “ती बातमी मीच दिली होती, आणि आजही देईन.”

म्हणजे विकिपीडियावर समोरासमोर ठाकलेले ते दोन संदर्भ, दोन वेगळी दैनिकं, दोन वेगळे मथळे, मुळात एकाच टेबलावरून निघालेले. मधे चार फुटांचं अंतर आणि एक सामाईक ॲशट्रे.

पत्रकारांच्या चरित्रात ही गोची नेहमीची आहे आणि बाहेरच्यांना ती दिसत नाही. नटाबद्दल पत्रकार लिहितो, पुढाऱ्याबद्दल पत्रकार लिहितो. पत्रकाराबद्दल कोण लिहितं? त्याचे मित्र, नाहीतर त्याच्या जागेवर डोळा असलेले. प्रतिस्पर्धी दैनिक त्याचं नावच घेत नाही, ‘एका स्थानिक दैनिकात’ एवढंच म्हणतं. एकसष्टीचा गौरवग्रंथ मित्रांनी काढलेला. पुरस्काराची बातमी म्हणजे देणाऱ्या संस्थेची प्रेसनोट, स्वल्पविरामासकट छापलेली. त्याच्या नावाने छापून आलेल्या हजार बातम्या कामाच्या नाहीत, कारण त्या त्याने लिहिल्यात, त्याच्यावर कुणी लिहिलेल्या नाहीत. स्वतःच्या फेसबुकवरून फार तर जन्मगाव आणि शिक्षण घ्या. तारखांचंही तेच. ‘दर्पण’चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ चा, म्हणून आपण त्या दिवशी पत्रकार दिन करतो. पण कित्येक ठिकाणी बाळशास्त्री जांभेकरांची जन्मतारीखही ६ जानेवारीच दिलेली दिसेल, तर इतरत्र २० फेब्रुवारी १८१२. मराठी पत्रकारितेच्या आद्य पुरुषाची ही तऱ्हा, तिथे आमच्या साहेबांचं काय.

आता ते वाक्य असं आहे: ‘नोव्हेंबर १९९३ मध्ये ते या दैनिकातून बाहेर पडले.’ पुढे, कुणी काय छापलं ते दोन्ही, नावानिशी. ‘बाहेर पडले’ हे तिचं. मला आधी ते पळपुटं वाटलं. मग आठवलं, आगरकर १८८७ मध्ये ‘केसरी’तून निघाले आणि पुढच्या वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढलं, त्याबद्दल शाळेपासून आपण हेच वाचत आलोय. मतभेदांमुळे बाहेर पडले. त्या ‘बाहेर पडले’त किती काय काय मावलंय.

तर तुम्हीही तसंच करा: अमुकने तमुक तारखेला असं म्हटलं. स्वतःच्या वतीने काही म्हणू नका. आणि त्या पत्रकाराशी तुमचं नातं, ओळख, भांडण, काही असेल तर चर्चा पानावर आधीच सांगून टाका. मी सांगितलं नव्हतं. शिष्य आहे हे तिने लेखाच्या सुरावरून ओळखलं. तुमचा पत्रकार हयात असेल तर आणखी जपून, माझं प्रकरण गेलेल्या माणसाचं होतं. आणि विकिपीडियावरचं सदस्यनाव म्हणजे बुरखा असं समजू नका. एएनआय या वृत्तसंस्थेने २०२४ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेवर दावा लावला तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने तीन संपादकांची माहितीच मागितली होती.

माझा तो सहकारी ही साइट वाचतो, मला माहीत आहे. त्याला एवढंच: साहेबांनी मला प्रकृती लिहायला सांगितलं कारण मुलीचं लग्न ठरत होतं आणि घरी ‘काढलं’ हा शब्द जायला नको होता. तुझी बातमी खरी होती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर त्यांच्या घरी पोचली, हेही खरं आहे. याला संदर्भ नाही, मी हजर होतो.

पोर्टलचं राहिलंच. त्याचा मालक, संपादक आणि बातमीदार एकच असेल, तर तो माणूस आधी कुठल्या डेस्कवर होता आणि समोरच्या खुर्चीत कोण बसायचं, ते शोधून काढा.